तीन फेऱ्या आधी

आवणीच्या दिवसांत, भाताची रोपं लावायला, खाचरात वीस बायका उतरल्या तरी गाणं धरणारी एकच असते. ती ओळ टाकते, बाकीच्या झेलतात. हात गाण्यामागं चालतात आणि गाणं तिच्यामागं. हरसूलच्या पुढं, डोंगराच्या कुशीतल्या कमळाबाईच्या गावात गेली बावीस वर्षं गाणं धरायचं ते कमळाबाईनंच.

गाण्याच्या चाली दोन. सकाळी चिखलात पाय घातल्यापासून चालते ती संथ चाल:

दाटीवाटीनं लावू नको, रोपाला ठेव जागा
हिरव्या लुगड्याला गं बाई, पाण्याचा धागा

ही चाल दिवसभर पुरते. श्वास लागत नाही, कंबर दुखत असली तरी दुखणं मागं राहतं. पण रोपांची शेवटची मूठ खाचरात पडली की चाल बदलते. तिला म्हणतात चढ. चढ लागली की हात आपोआप दुप्पट पळतात, कुणी मान वर करत नाही, बघता बघता खाचर भरून जातं. चढीला एकच रीत. एकदा धरली की शेवटचं रोप लागेस्तोवर सोडायची नाही. एका वर्षी कमळाबाईच्या जावेनं, सिंधुबाईनं, चढ धरली आणि मधेच तिला खोकल्याची उबळ आली. गाणं तुटलं. वीस बायका कंबर सरळ करून उभ्या राहिल्या, आणि एकदा उभी राहिलेली कंबर काही पुन्हा वाकेना. पाव खाचर तसंच राहिलं दुसऱ्या दिवसापर्यंत. सिंधुबाईला अजून बायका त्यावरून चिडवतात.

एरवी चढ म्हटली की खाचर, चिखल, आषाढातलं आभाळ. पण कमळाबाईच्या मनात जी चढ कायमची राहिली ती तिनं धरली नाशकात, पळायच्या मैदानावर, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात.

तिची मुलगी सरिता दोन वर्षांपासून नाशकात होती. कॉलेज होतं, पण खरं कारण पळणं. शेखर सर म्हणून एक होते, ते डोंगरातल्या पोरींना पळायला शिकवायचे. चौघी-पाचजणी एका खोलीत राहायच्या, पहाटे मैदानावर जायच्या. गणपतीला सरिता घरी आली तेव्हा देवरामचा, तिच्या बापाचा, गुडघा धरलेला होता. भाऊ राजू द्राक्षांच्या बागेवर कामाला गेलेला. चुलीपुढं बसून तिनं सगळं बघितलं आणि आपणहून बोलली, "आये, या बारीला राज्याच्या संघात निवड झाली तर ठीक. नाय झाली तर घरी येते. मग पळणं बस."

कमळाबाई भाकरी थापत राहिली. नको म्हणाली नाही, ये पण म्हणाली नाही. सरितानं त्या गप्प बसण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

आणि खरं सांगायचं तर तिनं बरोबरच घेतला होता. कमळाबाईला लेक घरी हवी होती. भाताच्या लोंब्या बाहेर पडून पिवळ्या व्हायला लागल्या होत्या, दिवाळीच्या पुढंमागं कापणी. पण कापणी हे सांगायचं कारण. पोर शेजारी नाही म्हणून संध्याकाळी घर कसं मोकळं मोकळं लागतं, हे कुणाला सांगणार? निवडीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं कमळाबाई नाशकाला निघाली तेव्हा वाटेत देवाचं ठाणं लागलं. तिनं खिडकीतून हात जोडले. पण काय मागावं तेच ठरेना. पोरीची निवड होऊ दे म्हणावं तर जीभ अडखळत होती, आणि होऊ नको दे असं कुठली आई मागते? तिनं नुसते हात जोडले आणि खाली घेतले.

मैदान पहिल्यांदाच बघत होती ती. लांबरुंद, लाल मातीचं, पांढऱ्या फक्कीनं आखलेलं. कडेला दगडी पायऱ्या, पायऱ्यांमागं भिंत, भिंतीपलीकडं रस्ता. सरिता धावत आली. केस घट्ट बांधलेले, छातीवर कापडाचा आकडा टाचलेला.

"आये, जेवलीस का?"

"तू जेवलीस का ते सांग. गालफडं बघ कशी बसलीत."

"पळायच्या आधी जेवत नसतात गं. बस इथं सावलीला. ही पल्लवी, आमच्या खोलीतली. पाय मुरगळलाय म्हणून आज आराम. ती तुला सगळं सांगेल."

पल्लवी सुरगाण्याकडची. पायाला पट्टी, तोंडाला विश्रांती नाही. "मावशी, साडेबारा फेऱ्या असतात. पाच हजार मीटर. पहिल्या दोघी राज्याला. ती उंच दिसती ना, ती तेजस्विनी, इथलीच, शहरातली. आणि ती निळ्या बुटांची आरोही, देवळाली कॅम्पाची, बाप फौजेत. या दोघी आणि आपली सरी. तिघींतून दोघी, एवढाच हिशोब."

"साडेबारा फेऱ्या मोजायच्या कुणी?" कमळाबाई म्हणाली. "मी तर कोंबड्या मोजताना चुकते."

सरिता हसली. "मोजू नको. शेवटच्या फेरीला घंटा वाजते. तेवढी ऐक म्हणजे झालं." मग जाता जाता थांबली, जरा लाजली. "आये, एक सांगू? मी तुझ्या गाण्यावर पळते."

"कुठल्या गाण्यावर?"

"आवणीच्या. संथ चालीवर. मनात म्हणत असते. सर म्हणतात हिच्या पायात घड्याळ हाय, एक फेरी दुसरीपेक्षा मागंपुढं होत नाय. मी अजून सांगितलं नाय त्यांना. हसतील."

आणि ती गेली.

शिट्टी झाली. पोरी सुटल्या. सुरुवातीला सगळा घोळका एकात एक, मग हळूहळू लांबत गेला, सूत ओढावं तसा. पुढं तेजस्विनी, तिच्यामागं आरोही, दहा पावलं सोडून सरिता. पहिली फेरी, दुसरी फेरी. कमळाबाईला वाटलं, यात बघायचं काय? पोरी नुसत्या गोल गोल फिरतायत, मळणीच्या बैलांसारख्या.

मग तिचं लक्ष सरिताच्या पायांकडं गेलं.

ती ओठातल्या ओठात गाणं म्हणून बघायला लागली. दाटीवाटीनं लावू नको. उजवा पाय. रोपाला ठेव जागा. उजवा पाय. ओळ संपायची तिथं पाय पडायचा, चुकत नव्हता. कमळाबाईच्या अंगावर काटा आला. बावीस वर्षं ती गाणं धरत आली होती, ते हवेत जायचं, चिखलात मुरायचं, संध्याकाळी संपायचं. एकदाच असं झालं होतं की तिनं ओळ टाकली आणि ओहळापलीकडच्या खाचरातल्या परक्या बायकांनी ती उचलली, दोन्ही खाचरं मिळून एक गाणं झालं, मधून पाणी वाहत होतं आणि बगळे उडाले होते. तो दिवस तिनं जपून ठेवला होता. पण गाणं असं कुणाच्या पायात उतरलेलं, रक्तात घेऊन कुणी पळताना, हे तिनं कधी बघितलं नव्हतं.

लहान असताना सरिता मुठी वाहायची. डोक्यावर रोपांची ओली पाटी, आणि बांधावरून पळत सुटायची. बांध वीतभर रुंद. कमळाबाई ओरडायची, "पडशील गं!" ती कधी पडली नाही. तेव्हाही ती गाण्यावरच पळत होती की काय? आता कळतंय.

सरिता पायऱ्यांपुढून जायला लागली की कमळाबाई मोठ्यानं ओळ टाकू लागली. शेजारची माणसं वळून बघायला लागली. तिला फिकीर नव्हती. सरिता बघत नव्हती, पण दर फेरीला तिचा खांदा जरा सैल व्हायचा, ओझं उतरल्यासारखा.

सहा फेऱ्या. सात. आठ. कमळाबाईनं मोजणं सोडूनच दिलं होतं. मधला घोळका गळून गेला होता. पुढच्या दोघी आणि सरिता यांच्यातली दहा पावलं तशीच होती. पल्लवी म्हणाली, "मावशी, पाणी आणते," आणि लंगडत नळाकडं गेली.

आणि घंटा वाजली.

टण् टण् टण् टण्. खणखणीत, पितळेची. कमळाबाई ताडकन उभी राहिली. शेवटची फेरी! म्हणजे शेवटची मूठ पडली. आता संथ चाल कसली? सरिता वळणावरून समोर येत होती. कमळाबाईनं पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि डोंगरात एका शेतातून दुसऱ्या शेतात पोचतो तो आवाज लावला:

पायाखाली चिखल गं, डोईवर ढग
हात नको थांबवू, मागं नको बघ!

सरितानं मान वळवली. एकच क्षण. तिच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं, आणि ती सुटली. सुटली म्हणजे काय, दहा पावलांची पाच झाली, पाचाची दोन, आणि पलीकडच्या वळणावर ती आरोहीला मागं टाकून तेजस्विनीच्या पुढं निघाली. मैदानावरची माणसं उठून उभी राहिली. पलीकडं शेखर सर दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होते. कमळाबाईला वाटलं, शाबासकी देतायत.

पल्लवी बाटली घेऊन आली ती धापा टाकत. "मावशी! हिला काय झालं? अजून तीन फेऱ्या हायेत!"

"तीन कशा? घंटा झाली ना!"

"कुठली घंटा? घंटा त्या टेबलापाशी हाय, ती वाजलीच नाय अजून!"

टण् टण् टण् टण्. पुन्हा तोच आवाज, पाठीमागून. कमळाबाई वळली. भिंतीला मोडकी फट होती आणि फटीतून दिसत होती एक लाल गाडी, तिच्यावर माठ, आणि गाडीच्या दांड्याला लटकवलेली पितळी घंटा. कुल्फीवाला.



कमळाबाईच्या तोंडून ओळ निसटून चालली होती. एका श्वासात तिच्या मनात सगळं येऊन गेलं. पोर तीन फेऱ्या आधी सुटली. टिकायची नाही. माझ्यामुळं. आणि त्याहून वाईट एक विचार आला, एसटीतल्या त्या जोडलेल्या हातांचा. मी हे चुकून केलं, की माझ्या आतल्या कुणीतरी मुद्दाम केलं?

पण गाणं तोडलं तर? वीस बायकांच्या ताठ उभ्या राहिलेल्या कंबरा तिच्या डोळ्यांपुढं आल्या. चढ तुटली की पाय तुटतील. संथ चालीवर परत आणायचं म्हणजे पळत्या बैलाच्या नाकात वेसण ओढायची. नाही. धरली ती धरली.

ती पायरीवर चढली. सगळ्यात वरच्या. आणि गात राहिली. पायाखाली चिखल गं, डोईवर ढग. खाचरात ओळ टाकली की झेलायला बायका असतात, तेवढ्यात धरणारीला श्वास मिळतो. इथं झेलायला कुणी नव्हतं. ओळही तिची, झेलही तिचाच. एक फेरी कशीबशी झाली. सरिता पुढंच होती, पण तिचं तोंड उघडं पडलं होतं. दुसऱ्या फेरीला कमळाबाईचा घसा खरखरला, आवाज फाटला. तिनं डोळे मिटले. आता तुटणार.

"हात नको थांबवू, मागं नको बघ!"

झेल आला. बाप्याचा आवाज, जाडाभरडा, सुरात नसलेला, पण चालीत पक्का. कुल्फीवाला गाडी सोडून भिंतीच्या फटीत येऊन उभा होता, दोन्ही हात तोंडाशी धरून. कमळाबाईनं एक श्वास घेतला. फक्त एक, पण पुरा. आणि पुढची ओळ टाकली. त्यानं झेलली. पल्लवीला ओळी येत होत्या, कशा येणार नाहीत, सुरगाण्याची पोर ती. तिनंही झेलली, टाळ्यांचा ठेका धरून. पायऱ्यांवरचे शहरातले लोक आधी हसले, मग त्यांच्यातल्या दोघा-तिघांनी नुसत्या टाळ्या धरल्या.

मग खरी घंटा झाली. बारीक होती, गाडीच्या घंटेच्या निम्म्यानं.

शेवटच्या फेरीत निम्म्या वाटेवर तेजस्विनीनं सरिताला गाठलं आणि मागं टाकलं. सरिताचे पाय आता गाण्यावर पडत नव्हते, कुठंही पडत होते, तरी थांबत नव्हते. शेवटच्या सरळ वाटेवर निळे बूट तिच्या शेजारी आले. दोघी खांद्याला खांदा. वीस पावलं, दहा पावलं. रेषेवर आरोहीनं छाती पुढं टाकली. हातभर अंतर असेल, तेवढंसुद्धा नाही.

सरिता तिसरी आली.

कमळाबाई गायची थांबली. ती पायरीवर बसून राहिली. फटीतून कुल्फीवाला म्हणाला, "बाई, कुठली आवणी तुमची?"

"हरसूलच्या पुढं," ती म्हणाली. आवाज म्हणून हवाच बाहेर आली.

"मी पेठचा. झिपरू. चार वर्षं झाली, आवणीला जायला जमलं नाय." तो घुटमळला. "जितली का पोर?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. माठात हात घालून त्यानं दोन कुल्फ्या काढल्या, फटीतून पल्लवीच्या हातात दिल्या आणि गाडी ढकलत निघून गेला. घंटा न वाजवता.

सरिता पाय ओढत आली. मातीनं माखलेली, ओठ पांढरे. आईच्या शेजारी पडलीच ती. कमळाबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं. मग सांगून टाकलं. "सरे, ती घंटा कुल्फीवाल्याची होती. मी चुकले. तुझी जागा मी घालवली."

"मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"ती आपली घंटा नाय हे. माझ्या फेऱ्या मी मोजते गं. नऊ झाल्या होत्या."

"मग सुटलीस कशाला, भवाने?"

सरिता आभाळाकडं बघत पडली होती. मग हळू म्हणाली, "तू चढ धरलीस. मन म्हणालं थांब, पाय म्हणाले जातो. आणि मग असं वाटलं आये, की मैदान लाल नाय, सगळं हिरवं झालंय, आणि मी बांधावर आहे. दमतच नव्हते. दोन फेऱ्या नुसती हलकी होते मी. जन्मात अशी पळाले नाय." तिनं डोळे पुसले. "तेवढं मिळालं, बस झालं."

शेखर सर येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात घड्याळ होतं. रागवावं की काय करावं हे त्यांना कळत नसावं. "सरिता, हे काय होतं? तीन फेऱ्या आधी? एवढ्या लांबून कुणी सुटतं का?"

"नाय सर."

"कुणी सुटत नाही. सुटलं तर टिकत नाही, शेवटी चालत येतं." त्यांनी घड्याळ तिच्यापुढं धरलं. "तू टिकलीस. हातभरानं गेली जागा. आणि वेळ बघ तुझी. आजवरच्या तुझ्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा एकवीस सेकंद कमी. मी हिला दोन वर्षं घड्याळासारखी पळवली, बाई," ते कमळाबाईकडं वळले, "आत एवढं आहे हे मलाच माहीत नव्हतं." मग पुन्हा सरिताला म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू," आणि गेले. घरी जायचं ठरलंय हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

खोली मैदानापासून जवळच. दोरीवर पोरींचे कपडे, कोपऱ्यात स्टोव्ह. सरितानं पिशवी काढली. दिलेला शब्द पाळायचा म्हणून घड्या घालायला लागली. दोन ड्रेस, वह्या, चादर. कमळाबाई उंबऱ्यात बसून बघत होती. हेच तर हवं होतं तिला. आता चारची एसटी धरायची, दोघींनी शेजारी बसायचं, अंधार पडायच्या आत घरी. पोर चुलीपाशी, पोर शेतात, पोर डोळ्यांपुढं.

आणि पोरीच्या पायातलं ते? ते कुठं ठेवायचं घरी? कणगीत?

ती उठली. पिशवीतली चादर बाहेर काढली आणि झटकून परत खाटेवर घातली.

"आये, काय करतेस?"

"चादर घालते."

"मी शब्द दिला होता."

"तू दिला होतास. मी कुठं घेतला होता?" घोगऱ्या आवाजात कमळाबाई म्हणाली. वह्या काढून तिनं फळीवर मांडल्या, एकीवर एक, जरा जास्तच नीट. "तू बोललीस तेव्हा मी गप्प बसले. गप्प बसायला नको होतं. मला तू घरी हवी होतीस, म्हणून बसले. आज सकाळपर्यंत हवी होतीस."

"आणि आता?"

"आता पण हवी हायेस." ती थांबली. "पण तुला पळताना बघितलं ना मी."

सरिता खाटेच्या कडेला बसली. "कापणीचं काय? बाबांचा गुडघा..."

"राजूला बोलावते. सिंधुबाईला सांगते, तिचा अर्धा आवाज खोकल्यानं गेलाय पण हात शाबूत हायेत. तू दिवाळीत चार दिवस ये, खाऊन-पिऊन जा. आणि मी चुकून चढ धरली तर सुटत जाऊ नको. मोजलेल्या फेऱ्यांचं ऐक."

सरिता हसायला लागली, आणि हसता हसता आईच्या कुशीत शिरली. एवढी घोडी झाली तरी. कमळाबाईनं तिच्या मातीनं भरलेल्या केसांवरून हात फिरवला. पलीकडं पल्लवी भिंतीकडं तोंड करून पाघळलेली दुसरी कुल्फी खात होती, आपण इथं नाहीच असं दाखवत.

चारच्या एसटीला गर्दी नव्हती. खिडकीची जागा मिळाली. गाडी शहराबाहेर पडली, द्राक्षांचे मांडव मागं गेले, आणि डोंगर दिसायला लागले. ऊन उतरलं होतं. रस्त्याच्या कडेची भातं पिवळी पडून एका अंगाला कलली होती. कमळाबाईला वाटलं गुणगुणावं, पण घशातून सूर उमटेना.

कंडक्टर तिकिटं फाडत तिच्यापाशी आला. "कुठं, मावशी?"

"हरसूल," ती म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं. त्यानं तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवलेल्या पिशवीकडं बघून विचारलं, "किती जण?"

कमळाबाईनं एक बोट वर केलं.